कार्ल्याचे लेणे आणि माहितीची पारख

समजा तुमच्या शाळेत ‘आपल्या परिसरातील एक प्राचीन वास्तू’ या विषयावर प्रकल्प करायला सांगितला आहे. तुम्ही मावळात राहता, तेव्हा कार्ल्याचे लेणे निवडणे साहजिकच आहे. मळवली स्टेशनाच्या उत्तरेला, वेहेरगावाच्या वरच्या डोंगरात, एकवीरा देवीच्या देवळाशेजारी ते भव्य चैत्यगृह आहे. तुमच्यापैकी अनेकजण यात्रेच्या निमित्ताने तेथे जाऊनही आले असतील.

प्रकल्पाच्या वहीत पहिलाच प्रश्न असतो : ही वास्तू कोणी बांधली व केव्हा? तुम्ही घरातला मोबाईल हाती घेता, दोन शब्द टाइप करता आणि क्षणार्धात शेकडो पाने पुढे येतात. एका पानावर असते की लेणे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले आहे. दुसरे पान अगदी नेमके साल देऊन इ. स. पूर्व १६० असे सांगते. तिसरे इसवी सनाचे पहिले शतक म्हणते. एक जुने इंग्रजी पुस्तक सापडते, त्यात इ. स. पूर्व ७८ हे साल आणि एका राजाचे नाव दिलेले असते. शिवाय पांडवांनी हे सारे एका रात्रीत कोरले, असे सांगणारी चित्रफीतही असतेच.

आता वहीत काय लिहायचे?

पुष्कळ विद्यार्थी येथे एक सोपी युक्ती करतात. जे साल जास्त पानांवर आहे ते खरे धरतात. ही युक्ती दिसायला लोकशाहीची आहे, पण ती चुकीची आहे. का ते आपल्या वर्गातच पाहू या. चाळीस मुलांच्या वहीत एका गणिताचे तेच उत्तर आहे, तीच पायरी गाळलेली आहे आणि ‘त्रिज्या’ हा शब्द तसाच चुकीचा लिहिलेला आहे. हे पाहून बाई असे म्हणत नाहीत की चाळीस जणांनी स्वतंत्रपणे गणित सोडवले आणि सर्वांचे उत्तर जुळले, म्हणजे ते बरोबरच असणार. त्या फक्त एवढेच विचारतात की मूळ वही कोणाची?

इंटरनेटवरील पानांचेही असेच आहे. प्रवासी कंपनीचे पान, हॉटेलचे पान, कोणाची तरी ब्लॉगची नोंद, एखादी चित्रफीत, ही सारी एकमेकांवरून किंवा एकाच मूळ पानावरून उतरवून घेतलेली असू शकतात. अशी दहा पाने म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. तो एकच साक्षीदार दहा वेळा बोलत असतो. हे ओळखण्याची एक चांगली खूण आहे. पानातले एखादे जरा वेगळे वाक्य घ्या, ते अवतरणचिन्हांत घालून पुन्हा शोधा. तेच वाक्य शब्दशः आणखी सात ठिकाणी सापडले, तर नक्कल झाली आहे हे उघड आहे. मग त्या आठांतले सर्वांत जुने पान कोणते आणि त्या पानाने ही माहिती कोठून घेतली, एवढाच प्रश्न उरतो.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की ‘हे संकेतस्थळ विश्वासू आहे का?’ असा प्रश्न विचारूच नका. त्याऐवजी प्रत्येक विधानाला विचारा, ‘तुला हे कसे कळले?’ चांगल्या संकेतस्थळावर चुकीचे वाक्य असू शकते व सामान्य पानावर एखादे वाक्य अगदी बिनचूक असू शकते. पारख वाक्याची करायची असते. हॉटेलच्या पानावरचे ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ हे वाक्य मात्र नेहमी स्वतः चालून पाहावे!

एका राजाचा जन्म आणि मृत्यू

ते जुने इंग्रजी पुस्तक आता हातात घेऊ. जेम्स फर्ग्युसन हे भारतीय वास्तुकलेचे मोठे अभ्यासक होते. १८७६ साली त्यांचा भारतीय व पूर्वेकडील वास्तुकलेचा इतिहास प्रसिद्ध झाला. आज तो ग्रंथ इंटरनेटवर कोणालाही मोफत वाचता येतो. जाड पुस्तक, प्रसिद्ध लेखक, छापील मजकूर. यापेक्षा अधिक भरवशाचे काय असणार, असे तुम्हाला वाटेल.

या ग्रंथात त्यांनी लिहिले की पडवीतील एक लेख व समोरच्या सिंहस्तंभावरील दुसरा लेख पाहता हे लेणे महाराज भूती किंवा देवभूती याने खोदविले असे दिसते. पुराणांतील राजवंशांच्या याद्यांत शुंग घराण्याचा देवभूती नावाचा राजा आहे. त्याचा काळ इ. स. पूर्व ७८ च्या सुमाराचा धरला, की लेण्याचे वय ठरले. हे तसे असेल तर मग शंकेला जागाच उरत नाही, असेही त्यांनी म्हटले.

पण त्या शिलालेखात खरोखर काय आहे? १८८१ साली जेम्स बर्जेस व पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातील लेण्यांमधील शिलालेखांचे वाचन प्रसिद्ध केले. भगवानलाल हे जुनागढचे. ब्राह्मी लिपी वाचण्यात त्यांची नजर अत्यंत तयार होती. त्यांच्या वाचनानुसार पडवीतील लेखाचा आशय असा आहे की जंबुद्वीपात सर्वोत्तम असे हे शैलगृह वैजयंतीच्या श्रेष्ठी भूतपालाने पूर्ण केले. श्रेष्ठी म्हणजे शेठ, व्यापारी. वैजयंती म्हणजे कर्नाटकातील बनवासी, असे मानले जाते. सिंहस्तंभाच्या लेखातही पूर्वी जेथे ‘महाराज’ दिसला होता, तेथे ‘महारठी’ निघाला. तो स्तंभ गोतीचा पुत्र अग्निमित्रणक या महारठीचे दान आहे. पुढे १९०२–०३ च्या सुमारास एमिल सेनार या फ्रेंच पंडिताने ‘एपिग्राफिया इंडिका’च्या सातव्या खंडात कार्ल्याचे सर्व लेख पुन्हा तपासून प्रसिद्ध केले. त्यांतही भूतपाल श्रेष्ठीच राहिला.

म्हणजे झाले काय? ज्या राजाच्या नावावरून लेण्याचे साल काढले होते, तो राजा लेखातून नाहीसा झाला. त्याबरोबर इ. स. पूर्व ७८ या सालाचा पायाही गेला.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. फर्ग्युसन खोटे बोलत नव्हते व निष्काळजीही नव्हते. त्यांच्यापर्यंत जे वाचन पोहोचले त्यावरून त्यांनी तर्क केला आणि तो तर्क कशावर उभा आहे हे त्यांनी सांगून ठेवले. त्यामुळेच पुढच्या माणसाला तो तपासता आला. जे पान आपला आधार सांगते ते चुकले तरी उपयोगी असते. ते कोठे चुकले हे आपल्याला दाखवता येते. जे पान नुसते ‘इ. स. पूर्व १६०’ असे ठासून सांगते आणि पुढे निघून जाते, त्याच्याशी वादही घालता येत नाही.

दुसरी गोष्ट वर्षाची. १८७६ सालचे पुस्तक आज तुमच्या मोबाईलच्या पडद्यावर कालच लिहिल्यासारखे ताजे दिसते. कागद पिवळा पडलेला नसतो, वाळवीची भोके नसतात. म्हणून पुस्तकाचे, लेखाचे, छायाचित्राचे मूळ वर्ष शोधून वहीत लिहिणे फार आवश्यक आहे. जुने म्हणजे वाईट असे मात्र नाही. १८८५ सालच्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये मावळाविषयी असे काही तपशील आहेत की जे आज दुसरीकडे मिळणे कठीण. तेव्हाचा रस्ता, तेव्हाचे बाजार, तेव्हाची पिके यांसाठी ते उत्तम साधन आहे. लेण्याच्या कालनिर्णयासाठी मात्र त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत काय संशोधन झाले तेही पाहावेच लागते.

खरा साक्षीदार कसा असतो?

दहा पाने म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत, असे मी वर म्हटले. मग स्वतंत्र साक्षीदार कशाला म्हणायचे? सुदैवाने कार्ल्यातच याचे सुंदर उदाहरण आहे.

चैत्यगृहाच्या पडवीत एक लेख उषवदात याचा आहे. हा क्षहरात घराण्यातील नहपान या क्षत्रपाचा जावई. या लेखात त्याने वलूरक येथील लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचे गाव दान दिल्याची नोंद आहे. वलूरक हे या लेण्यांचे जुने नाव. याच पडवीत आणखी एक लेख आहे. तो सातवाहनांचा हुकूम म्हणून ओळखला जातो. ‘मामल’ येथील अधिकाऱ्याला त्यात आज्ञा केली आहे आणि ‘मामलाहारा’तील करजक हे गाव वलूरकाच्या भिक्षूंना दिले आहे. आहार म्हणजे त्या काळचा महसुली विभाग, आपल्या तालुक्यासारखा. ‘मामल’ हेच तुमच्या मावळाचे जुने नाव, असे अभ्यासक मानतात. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वी तुमच्या तालुक्याचे नाव दगडात कोरले गेले आहे आणि किती सहली त्याच्या खालून छायाचित्रे काढीत निघून जातात!

एकच गाव आधी नहपानाच्या जावयाने दिले आणि मग सातवाहनांनी दिले. यावरून असा तर्क निघतो की मधल्या काळात हा प्रदेश क्षहरातांकडून सातवाहनांकडे गेला. हा झाला पहिला साक्षीदार. पण एका साक्षीदारावर निकाल देऊ नये.

दुसरा साक्षीदार नाशिकच्या लेण्यात आहे. तेथे गौतमी बलश्री या राजमातेचा मोठा लेख आहे. त्यात तिने आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याने क्षहरात वंश निःशेष केला असे म्हटले आहे. अर्थात आई मुलाची स्तुती करणारच, तेव्हा हा लेख थोडा हात राखून वाचावा लागतो. लिहिणाऱ्याचा हेतू काय, हा प्रश्न राजमातेलाही विचारायचा असतो!

तिसरा साक्षीदार चांदीचा आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. ती नहपानाची होती. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा पुन्हा मारलेला होता. खालचा नहपानाचा चेहरा व त्यावर उमटलेली सातवाहनांची चिन्हे ही दोन्ही एकाच नाण्यावर दिसतात. हरलेल्या राजाचा पैसा जिंकलेल्याने आपल्या शिक्क्याने चालू केला, हे सांगायला येथे कोणा भाटाची गरज नाही.

आता या तिघांकडे पाहा. कार्ल्याचा दगड, नाशिकचा दगड आणि जोगलटेंभीची चांदी. नाणी जमिनीत पुरणाऱ्याने कार्ल्याचा लेख पाहून ती पुरली नव्हती. यांतील कोणीही दुसऱ्याची नक्कल केलेली नाही, तरी तिघेही एकच गोष्ट सांगतात. पुरावा जुळणे म्हणजे असे जुळणे. तुमच्या प्रकल्पात असे दोन स्वतंत्र आधार मिळाले, तर नकलेच्या पन्नास पानांपेक्षा ते मोलाचे आहेत.

यातूनच चैत्यगृहाच्या काळाविषयीही काही सांगता येते. उषवदाताचा लेख चैत्यगृहाच्या पडवीत कोरला आहे, त्या अर्थी तो कोरला तेव्हा ती भिंत तयार होती. म्हणून लेणे नहपानाच्या काळाच्या आधीचे, निदान तेव्हापर्यंत खोदून झालेले असले पाहिजे. नहपानाचा काळ आज सामान्यतः इसवी सनाच्या पहिल्या शतकात धरतात. याशिवाय अक्षरांचे वळण, खांबांची व शिल्पांची घडण यांची इतर लेण्यांशी तुलना करतात. या सर्वांवरून आज पुष्कळ अभ्यासक कार्ल्याचे चैत्यगृह इसवी सनाच्या पहिल्या शतकात ठेवतात, तर काहीजण त्याच्या थोडे मागे जातात. तेव्हा वहीत एकच साल ठोकून देण्यापेक्षा, ‘पुष्कळ अभ्यासकांच्या मते इसवी सनाचे पहिले शतक, कारण अमुक’ असे लिहिणे अधिक शास्त्रीय होईल. ‘कारण’ या शब्दापुढे काही लिहिता आले नाही, तर अजून शोधायचे बाकी आहे असे समजा.

विज्ञानाचे नाव घेतले म्हणजे झाले काय?

काही पाने ‘कार्बन डेटिंगने लेण्याचे वय सिद्ध झाले आहे’ अशा थाटाची वाक्ये लिहितात. हे वाचून दबून जाऊ नका. कार्बन–१४ ही पद्धत काय आहे, ते आठवा. सजीव वनस्पती हवेतून कार्बन घेते, त्यात कार्बन–१४ चा अल्प अंश असतो. झाड मेले की नवा कार्बन येणे थांबते आणि असलेला कार्बन–१४ हळूहळू कमी होत जातो. ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. जे एके काळी जिवंत होते, त्याचेच वय या पद्धतीने काढता येते. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट कधीच जिवंत नव्हता. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या उद्रेकांतून थंड झालेला खडक आहे आणि दुसऱ्या पद्धतींनी काढलेले ते त्या खडकाचे वय आहे. छिन्नी त्याला केव्हा लागली, हे खडक सांगत नाही.

मग कार्ल्यात कार्बन–१४ पद्धत निरुपयोगीच का? तसेही नाही. चैत्यगृहाच्या कमानदार छताला लाकडी फासळ्या बसवलेल्या आहेत आणि स्तूपावर लाकडी छत्र आहे. या लाकडाचे वय काढता येते. पण ते वय झाडाचे असते. जुने, दणकट झाड तोडले असेल आणि तुकडा त्याच्या गाभ्यातला असेल, तर लाकूड लेण्याहून शे-दोनशे वर्षे जुने भरू शकते. उलट नंतर केव्हातरी दुरुस्ती झाली असेल, तर ते लेण्याहून तरुणही निघेल. म्हणून ‘कार्बन डेटिंग’ हे शब्द दिसले की विचारावे : कोणत्या वस्तूचे? तुकडा कोठला? चुकीची मर्यादा किती वर्षांची? प्रयोगशाळेच्या उत्तराबरोबर नेहमी ‘अधिक-उणे अमुक वर्षे’ असा आकडा असतो. तो गाळलेला असेल, तर सांगणाऱ्याने मूळ अहवाल पाहिलेलाच नाही असे खुशाल समजावे.

आता एक कोडे. चैत्यगृहाची लांबी किती? फर्ग्युसन व बर्जेस यांच्या जुन्या ग्रंथांत ती सुमारे १२४ ते १२६ फूट दिली आहे, म्हणजे साधारण ३८ मीटर. रुंदी साडेपंचेचाळीस फुटांच्या आसपास दिली आहे. आजच्या अनेक पानांवर मात्र लांबी ४५ मीटर आढळते, म्हणजे जवळजवळ १४८ फूट. फरक थोडाथोडका नाही, सात मीटरांचा आहे. डोंगर तर वाढलेला नाही!

जुन्या ग्रंथात मोजणी दारापासून मागच्या भिंतीपर्यंतची आहे. कोणी बाहेरची पडवी व दर्शनी भिंतही धरली, तर आकडा वाढेल आणि मग दोघेही आपापल्या जागी बरोबर ठरतील. दुसरी शक्यता अशी की रुंदीचे ४५ फूट व लांबीचे ४५ मीटर यांत कोठेतरी घोळ झाला असेल. यांपैकी काय खरे, हे आणखी दहा पाने वाचून कळणार नाही. तेथे जाऊन, दारापासून मागच्या भिंतीपर्यंत सारखी पावले टाकीत चालत जा, पावलाची लांबी आधी शाळेच्या मैदानावर मोजून ठेवा आणि गुणाकार करा. सात मीटरांचा फरक पावलांच्या मोजणीतही लपत नाही.

खांब तर मोजायलाही सोपे आहेत. दोन्ही बाजूंना कोरीव शीर्षांचे पंधरा-पंधरा आणि स्तूपामागे साधे अष्टकोनी सात, असे सदतीस. हा आकडा मी दिला म्हणून लिहू नका. मोजा.

मिलिमीटर, इंच आणि ढगफुटी

दगडाची गोष्ट सावकाश तपासता येते. पावसाची तशी नाही, आणि मावळात जुलै महिन्यात चुकीची बातमी माणसाच्या जिवाशी खेळू शकते.

समजा मोबाईलवर निरोप आला, ‘लोणावळ्यात ढगफुटी, २०० मिलिमीटर पाऊस.’ सोबत खवळलेल्या पाण्याचे छायाचित्र. प्रथम आकडा पाहा. मिलिमीटर आहे, पण किती वेळात? हवामान खात्याच्या पर्जन्यमापकाची नोंद सकाळी साडेआठ वाजता होते आणि तो आदल्या चोवीस तासांचा पाऊस असतो. २०० मिलिमीटर म्हणजे सुमारे आठ इंच. वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेणाऱ्या लोणावळ्याला चोवीस तासांत एवढा पाऊस नवखा नाही. ढगफुटी म्हणण्यासाठी साधारण वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत एका तासात १०० मिलिमीटर किंवा अधिक पाऊस पडावा लागतो. चोवीस तासांत २०० म्हणजे सरासरी ताशी आठ-सव्वाआठ मिलिमीटर. एवढ्यावरून ढगफुटी म्हणता येत नाही.

पण म्हणून तो पाऊस किरकोळ ठरतो का? हिशेब करून पाहा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद गच्चीवर २०० मिलिमीटर पावसाचे वीस हजार लिटर पाणी होते. आता गच्चीच्या जागी डोंगराची अख्खी उतरण धरा. ढगफुटीची अफवा खोटी निघाली, म्हणून धबधब्यात उतरायला हरकत नाही असा अर्थ होत नाही. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात एका कुटुंबातील पाचजण वाहून गेले, तेव्हा वरच्या पावसाचे पाणी पाहता पाहता वाढले होते.

त्या दिवशीच्या बातम्याही अभ्यासण्यासारख्या आहेत. पहिल्या तासांतील बातम्यांत काहीजण बेपत्ता होते, शोध चालू होता. नंतरच्या बातम्यांत चित्र पूर्ण झाले. पहिली बातमी खोटी नव्हती, अपुरी होती. अनेक मथळ्यांत नुसते ‘भुशी धरण’ आले. त्यावरून कोणी धरणच फुटल्याचा समज करून घेईल. भुशीचा बांध रेल्वेने वाफेच्या इंजिनांच्या पाण्यासाठी बांधला. पावसाळ्यात त्याच्या पायऱ्यांवरून पाणी वाहते, ते भरल्याचे लक्षण आहे. ‘भरून वाहणे’ आणि ‘फुटणे’ या दोन क्रियापदांत खालच्या वस्तीचा सारा जीव असतो, तेव्हा निरोप पुढे पाठवण्यापूर्वी क्रियापद वाचा.

छायाचित्राची परीक्षा आणखी सोपी आहे. चित्रावरून चित्र शोधण्याची सोय आता मोबाईलवर असते. तेच चित्र पाच वर्षांपूर्वी दुसऱ्या राज्यात प्रसिद्ध झालेले सापडले, की विषय संपला. ती सोय नसेल, तर पाट्यांची लिपी, वाहनांच्या क्रमांकाची पहिली दोन अक्षरे, झाडे, घरांची छपरे पाहा. मावळात नारळाच्या रांगा कमीच!

विकिपीडियाविषयी विद्यार्थी नेहमी विचारतात. ते वापरावे, पण तेथे थांबू नये. प्रत्येक वाक्याच्या शेवटी असलेला लहान आकडा खालच्या संदर्भाकडे नेतो, तो उघडून मूळ वाचा. आकडाच नसेल, तर त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढा. पानाच्या इतिहासात ते वाक्य कोणी, केव्हा घातले हेही पाहता येते. ही सोय छापील ज्ञानकोशातही नाही. पत्त्यातील ‘गव्ह डॉट इन’सारख्या शेवटावरून पान कोणाच्या मालकीचे हे कळते. त्यातील वाक्य बरोबर आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

प्रश्न विचारला की लगेच सफाईदार उत्तर लिहून देणारी यंत्रेही आता आली आहेत. त्यांचे वाक्य गुळगुळीत असते, पण शब्दांच्या सवयीवरून ते जुळवलेले असते. कधी कधी ती अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकाचे नावही ऐटीत सांगतात. त्यांच्याकडून शोधण्याची दिशा घ्यावी. वहीतील आधार म्हणून त्यांचे नाव लिहू नये. पुस्तकाचे नाव मिळाले, तर ते पुस्तक खरोखर आहे का आणि त्या पानावर ते वाक्य आहे का, हे स्वतः पाहावे.

शिक्षकांना एक प्रयोग सुचवतो. वर्गाचे पाच-सहा गट करावेत. प्रत्येक गटाला कार्ल्याविषयीचे एकच विधान द्यावे; ‘लेणे पांडवांनी कोरले’, ‘लांबी ४५ मीटर आहे’, ‘खांबांवर यवन दात्यांची नावे आहेत’ अशी. गटाने निष्कर्ष न लिहिता, त्या विधानाचा माग काढत जेवढे मागे जाता येईल तेवढे जावे आणि प्रत्येक पायरीचे नाव, वर्ष व पत्ता फळ्यावर मांडावा. कोणाची साखळी दगडापर्यंत पोहोचते, कोणाची मधेच हवेत तुटते, ते मुलांना स्वतः दिसू द्यावे. पांडवांच्या कथेवर हसू नये. ती लेण्याचा काळ सांगत नाही, पण लोकांनी त्या लेण्याकडे कसे पाहिले ते सांगते, आणि लोककथांच्या प्रकल्पात तीच अस्सल साधन ठरते. यवनांचे विधान तपासताना मात्र एक उडी टाळायला लावावी. काही खांबांच्या लेखांत धेनुकाकट येथील दाते स्वतःला यवन म्हणवतात, हे खरे. त्यावरून ‘लेणे ग्रीकांनी बांधले’ असे होत नाही. देणगीदाराचे नाव पायरीवर असते, म्हणून देऊळ त्याने एकट्याने बांधले असे आपण म्हणतो का?

प्रत्यक्ष लेणे पाहायला जायचे असेल, तर चैत्रातील यात्रा व रविवार टाळून साधा दिवस निवडा. सकाळी लवकर पोहोचा. एक विजेरी, जमल्यास दुर्बीण, वही आणि मोजलेली पावले एवढे सामान पुरे. विजेरीचा झोत अक्षरांवर समोरून टाकू नका, बाजूने तिरका टाका, म्हणजे कोरलेल्या रेषेत सावली पडते आणि झिजलेले अक्षरही उठून दिसते. अक्षरांना हात, खडू किंवा पाणी लावायचे नाही. ते संरक्षित स्मारक आहे आणि पुढच्या वाचकालाही तो लेख तपासायचा आहे. पडवीत उभे राहिलात की आधी भूतपालाचा लेख शोधा, आणि मग ‘मामल’ ही तीन अक्षरे.